किडनीचा आजार आणि सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी: अर्ज कधी करायचा आणि कशाच्या जोरावर

प्रश्न असा आहे. यजमान ५३ वर्षांचे, अकरा वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर अमेरिकेत आले. त्याआधी अठरा वर्षं भारतात बँकेत कारकून होते. इथे नऊ वर्षं एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करतात. मधुमेह जुना आहे. शेवटच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) ४.१ आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) १७ आला. काही महिन्यांत डायलिसिस लागेल असं डॉक्टर म्हणतात. पाय सुजतात, कामावरून आल्यावर जेवायचंही त्राण उरत नाही. डिसॅबिलिटीचा अर्ज आत्ता करायचा की डायलिसिस सुरू झाल्यावर? भारतातली नोकरी धरतात का? ग्रीन कार्डाला धोका आहे का? आणि पहिला अर्ज नाकारतातच, हे खरं का?

ताई, मी बावीस वर्षं डायलिसिस केंद्रांत सोशल वर्कर म्हणून काम करते आहे. तुमच्यासारखी घरं दर महिन्याला समोर बसतात. म्हणून उत्तर थोडं लांबलं तरी सगळं सांगते.

डायलिसिसची वाट पाहत बसू नका. पण यजमान पूर्ण पगारावर कामाला जात असतील तर आज अर्ज टाकूनही उपयोग नाही. या दोन गोष्टींच्या मधला काळ कसा वापरायचा, यावर तुमचं बरंचसं अवलंबून आहे.

आधी पैसे कुठले ते बघू. लोक ज्याला नुसतं 'डिसॅबिलिटी' म्हणतात, त्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या दोन वेगळ्या योजना आहेत. पहिली एसएसडीआय. हा विमा आहे. यजमानांच्या पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटीच्या नावाखाली ६.२ टक्के कापलेले दिसतात, आणि तेवढीच रक्कम मालकही भरतो. त्यातला एक भाग याच विम्याचा हप्ता असतो. 'सरकारचे फुकटचे पैसे कशाला घ्यायचे' म्हणून संकोचणारी माणसं मी खूप पाहिली. नऊ वर्षं हप्ता भरल्यावर विमा मागायला संकोच कसला?

या विम्यासाठी कामाची क्रेडिट्स लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२५ साली १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट होतं. ५३व्या वर्षी काम सुटलं तर साधारण ३१ क्रेडिट्स लागतात आणि त्यांतली २० शेवटच्या दहा वर्षांतली असावी लागतात. यजमानांची नऊ वर्षांची ३६ व्हायला हवीत. 'व्हायला हवीत' असं जपून म्हणते, कारण काही ठिकाणी सुरुवातीचे महिने रोखीत पगार देतात आणि त्या कमाईची नोंद कुठेच होत नाही. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर खातं उघडून त्यांची वर्षवार कमाई आजच तपासा. भारतातली अठरा वर्षं मात्र धरली जात नाहीत. काही देशांशी अमेरिकेचा असा करार आहे की दोन्हीकडची कामाची वर्षं जोडता येतात, पण भारताशी तसा करार झालेला नाही. मला स्वतःला ही गोष्ट फार खुपते, कारण पन्नाशीला आलेल्या आपल्या माणसांना तिचा मोठा फटका बसतो.

दुसरी योजना एसएसआय. ती गरजेवर आहे. एकट्या माणसाकडे २,००० डॉलर आणि जोडप्याकडे ३,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. राहतं घर आणि एक गाडी त्यात मोजत नाहीत. ग्रीन कार्डधारकांना तिथे अटी कडक आहेत. सर्वसाधारणपणे ४० क्रेडिट्स लागतात, लग्नाच्या काळातली जोडीदाराची क्रेडिट्सही त्यात धरता येतात, आणि १९९६च्या ऑगस्टनंतर आलेल्यांना पहिली पाच वर्षं बहुतेक ती मिळतच नाही. तुमच्या बाबतीत एसएसडीआयचा रस्ता मोकळा दिसतो, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल सांगते.

अर्ज हातात आला की पहिला प्रश्न आजाराचा नसतोच. महिन्याला किती कमावता, हा असतो. २०२५ साली ती मर्यादा १,६२० डॉलर होती. कापाकापी होण्याआधीचा पगार धरतात, हातात येणारा नाही. त्यावर कमाई असेल तर ईजीएफआर पाच असला तरी फाइल तिथेच बंद होते. म्हणून म्हटलं, पूर्ण पगार चालू असताना अर्ज टाकू नका. काम सुटलं, किंवा तास कमी होऊन कमाई मर्यादेखाली गेली, की मात्र एक दिवसही घालवू नका. काम थांबल्यानंतरचे पाच पूर्ण महिने विमा काहीच देत नाही. समजा मार्चच्या मध्यावर काम सुटलं, तर एप्रिल ते ऑगस्ट कोरडे जातात. पहिला हक्काचा महिना सप्टेंबर, आणि तो पैसा हातात येतो ऑक्टोबरमध्ये. निर्णयालाही सहा-आठ महिने सहज लागतात. डायलिसिस सुरू होईपर्यंत थांबू असं म्हणून लोक या दोन्ही घड्याळांना उशिरा किल्ली देतात. अर्जाच्या आधीचे जास्तीत जास्त बारा महिनेच मागे जाऊन मिळतात, हेही लक्षात असू द्या.

पण तडकाफडकी राजीनामाही देऊ नका. कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील आणि यजमानांना तिथे वर्ष होऊन गेलं असेल, तर एफएमएलए कायद्याखाली बारा आठवड्यांची रजा मिळते. ती बिनपगारी असते, पण नोकरी आणि कंपनीचा आरोग्यविमा टिकतो, आणि गरजेप्रमाणे तुकड्या-तुकड्यांत घेता येते. नोकरीच्या कागदांत 'लाँग टर्म डिसॅबिलिटी' विमा आहे का, तेही शोधा. असला तर त्याचा दावा नोकरीत असतानाच सुरू करणं चांगलं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत तात्पुरत्या अपंगत्वाचा राज्याचा विमाही आहे. या सगळ्याची चौकशी राजीनाम्याच्या आधी व्हायला हवी.

आता आजाराकडे येते. सोशल सिक्युरिटीची आजारांची एक यादी आहे, तिच्या सहाव्या विभागात किडनीचे आजार येतात. डायलिसिस सुरू झालं आणि ते निदान बारा महिने चालेल असं डॉक्टरांनी लिहिलं, की ६.०३ या कलमात बसतं. केंद्रात जाऊन रक्ताचं डायलिसिस करा, घरी करा, किंवा पोटातलं करा, सारखंच धरतात. तिथे वाद फारसा होत नाही. एखाद्या संसर्गाने किडनी काही आठवड्यांपुरती बंद पडली आणि तेवढ्यापुरतं डायलिसिस लागलं, तर ते यात येत नाही.

डायलिसिसच्या आधीच्या रुग्णांसाठी ६.०५ आहे, आणि तुमचं प्रकरण इथे अडकू शकतं. या कलमाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही पुरे व्हावे लागतात. पहिला भाग आकड्यांचा. क्रिएटिनिन ४ किंवा जास्त, किंवा क्रिएटिनिन क्लिअरन्स २० किंवा कमी, किंवा ईजीएफआर २० किंवा कमी. यांतलं एक पुरे, पण ते एका वर्षाच्या आत, निदान ९० दिवसांच्या अंतराने, दोनदा दिसायला हवं. यजमानांचे आकडे एकदा बसलेत. दुसरी तपासणी ८५व्या दिवशी झाली तर ती उपयोगाची नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चार-पाच दिवसांच्या फरकाने अडलेली फाइल मी पाहिली आहे. पुढची रक्ततपासणी ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा.

दुसरा भाग परिणामांचा. चारांपैकी एक लागतो. हाडं झिजून तीव्र दुखणं आणि तसं एक्स-रे किंवा स्कॅनमध्ये दिसणं. हातापायांच्या नसांचा गंभीर विकार. शरीरात पाणी साठणं. किंवा भूक मरून वजन इतकं उतरणं की बीएमआय १८ किंवा खाली जावा. तुम्ही पायांच्या सुजेचा उल्लेख केलात, पण नुसत्या घोट्यांच्या सुजेवर पाणी साठण्याची अट पुरी होत नाही. तीन महिने औषधं घेऊनही सर्वांगाला सूज, किंवा रक्तवाहिन्यांत पाणी तुंबल्याची चिन्हं, किंवा खालचा रक्तदाब ११० किंवा जास्त, आणि तेही ९० दिवसांच्या अंतराने दोनदा, असं लागतं.

नसांच्या बाबतीत मला तुम्हाला एक विचारायचं आहे. यजमानांना रात्री तळव्यांची आग होते का? बोटांना मुंग्या, चप्पल पायातून निघाली तरी न कळणं, अंधारात तोल जाणं? जुना मधुमेह आणि त्यावर किडनी, म्हणजे हे होण्याची शक्यता बरीच असते. आणि आपली माणसं हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ते किडनीचं दुखणं नव्हे. असेल तर किडनीच्या डॉक्टरांना सांगा, पायांची नीट तपासणी करून घ्या आणि नसांची चाचणी मागा. ६.०५चा दुसरा भाग कदाचित याच दुखण्यावर पुरा होईल.

आपल्या माणसांची एक सवय या अर्जाच्या मुळावर येते, तिच्याबद्दल सगळ्यात कळकळीने सांगते. डॉक्टर विचारतात, कसं वाटतंय? आपण म्हणतो, ठीक आहे. मोठ्या माणसासमोर रडगाणं गाऊ नये, असं वळण आपल्याला लागलेलं असतं. डॉक्टरांच्या संगणकात ओळ जाते: रुग्ण बरा आहे, तक्रार नाही. निर्णय देणारा माणूस यजमानांना भेटत नाही. तो ती ओळ वाचतो. माझ्याकडे डायलिसिसला येणाऱ्या एका काकांचा आधीचा अर्ज असाच नाकारला गेला होता. चौदा महिन्यांच्या नोंदींत एकही तक्रार नव्हती, आणि त्याच चौदा महिन्यांत बोटं बधिर झाली म्हणून काकू रोज त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. काकांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, खरं तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तेव्हा यापुढे प्रत्येक भेटीला एक कागद घेऊन जा. थकवा येतो, असं मोघम लिहू नका. माप लिहा. किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं. दुपारी किती वेळ पडून राहावं लागतं. संध्याकाळी बूट चढतात का. रात्री खाजेने किती वेळा जाग येते. मळमळीमुळे आठवड्यातली किती जेवणं सुटली. गेल्या महिन्यात कामावर किती खाडे झाले, किती दिवस लवकर यावं लागलं. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि फाइलला जोडून घ्यायची विनंती करा. फुगवून काही लिहू नका. चांगला गेलेला दिवस असेल तर तोही लिहा, त्यामुळे बाकीच्या दिवसांवर विश्वास बसतो. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागा. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातही दुभाषा मोफत देतात. मुलांना दुभाषी म्हणून नेऊ नका. बापाला मुलासमोर सगळं सांगता येत नाही.

यादीतल्या कलमात बसलं नाही म्हणजे सगळं संपलं, असं नाही. मग सोशल सिक्युरिटीवाले बघतात की या माणसाच्या अंगात काय करण्याची ताकद उरली आहे आणि त्या ताकदीत तो कुठलं काम करू शकेल. इथे यजमानांचं वय त्यांच्या बाजूने आहे. पन्नास ओलांडलं की नियम सैल होतात, पंचावन्नला आणखी. ५३ वर्षांचा, अंगमेहनतीचं काम केलेला माणूस आता फक्त बैठं काम करू शकेल, असं त्यांनी मान्य केलं, आणि इतर कामात वापरता येईल असं कौशल्य त्या मेहनतीच्या कामातून आलेलं नसेल, तर सर्वसाधारणपणे नियमांच्या तक्त्यात त्याला अपंग धरतात. पण तो उभ्याने हलकं काम करू शकेल असं ठरलं, तर याच वयाला नकार येतो. बैठं म्हणजे दहा पौंडांपर्यंतच उचलणं आणि दिवसात साधारण दोन तासच उभं राहणं-चालणं. हलकं म्हणजे वीस पौंडांपर्यंत आणि सहा तास. पैसे मिळणं न मिळणं त्या दोन तासांत आणि सहा तासांत आहे, हे डॉक्टरांना ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून डॉक्टरांकडून 'हे अपंग आहेत' असं प्रमाणपत्र आणून काही साधत नाही. तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा असतो, डॉक्टरांच्या त्या वाक्याला वजन नाही. पत्रात हे हवं: सलग किती वेळ उभे राहू शकतात, किती पौंड उचलू शकतात, पाय वर करून बसावं लागतं का, दिवसात किती वेळ आडवं व्हावं लागतं, महिन्यात साधारण किती दिवस कामावर जाता येणार नाही. आणि प्रत्येकामागे कारण, कुठला अहवाल, कुठली तपासणी. डॉक्टर घाईत असतात. प्रश्न छापून न्या, रिकाम्या जागा भरायला दोन मिनिटं लागतात. बहुतेक डॉक्टर मनापासून भरून देतात.

बँकेतल्या नोकरीची काळजी तुम्हाला वाटत असेल, की ते बैठं काम होतं, तिकडे परत जा म्हणतील. जून २०२४पासून फक्त मागच्या पाच वर्षांतलं काम बघतात, आधी पंधरा वर्षं बघत. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची बँक आता आड येत नाही. हा बदल अनेकांना ठाऊक नाही, आणि काही जण अजूनही जुन्या सगळ्या नोकऱ्या फॉर्मवर भरून ठेवतात. विचारलंय तेवढंच लिहा.

गोदामातलं काम मात्र जसं होतं तसं लिहा. आपल्याकडे हुद्दा थोडा मोठा करून सांगायची रीत आहे. दोन नव्या पोरांना काम दाखवलं म्हणून 'सुपरवायझर' लिहिलं, की त्यांच्या लेखी तुमच्यापाशी दुसरीकडे वापरता येण्यासारखं कौशल्य आलं, आणि तेवढ्यावर नकार येऊ शकतो. खोकी किती पौंडांची, दिवसात किती उचलायची, किती तास पायांवर, बसायला मिळायचं का, एवढंच लिहा. यजमानांना त्यात कमीपणा वाटेल, त्यांना समजवा.

रोजच्या आयुष्याबद्दलचा एक फॉर्म येतो, एसएसए-३३७३. अर्ज बुडण्याची दुसरी जागा ही. 'स्वयंपाक करता का?' यजमान लिहितील, नाही. पण त्यांनी आयुष्यात कधीच केला नसेल, तर त्या 'नाही'ला अर्थ नाही. आधी जे करत होते आणि आता सुटलं ते लिहा. शनिवारचा बाजारहाट, गवत कापणं, कपड्यांची बादली तळघरातून वर आणणं, देवळात खाली मांडी घालून बसणं. 'गाडी चालवता का?' नुसतं 'हो' लिहू नका. किती अंतर, नंतर काय होतं, गेल्या महिन्यात किती वेळा. 'स्वतःचं स्वतः आवरता का?' आंघोळ करतात, पण स्टुलावर बसून आणि मधे थांबून, तर तसं. जवळच्या माणसाने भरायचा असाच वेगळा फॉर्म असतो, तो तुम्ही भरा. तुम्ही पाहता ते लिहा, त्यांच्या उत्तरांची नक्कल करू नका.

सोशल सिक्युरिटीने त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं तर जायलाच हवं, खर्च त्यांचा असतो. न गेल्यास नकार येतो. औषध महाग म्हणून सोडलं असेल तर डॉक्टरांना तसं लिहायला सांगा. नाहीतर 'रुग्ण उपचार पाळत नाही' एवढंच फाइलमध्ये राहतं.

पहिला अर्ज नाकारतातच, हे पूर्ण खरं नाही, पण पहिल्या टप्प्यावर मंजुरीपेक्षा नकार जास्त जातात, हे खरं आहे. नकार आला तर नवा अर्ज भरू नका. पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत फेरविचाराची मागणी करा. तिथेही नकार आला तर न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. नवा अर्ज भरला की जुनी तारीख जाते, आणि तिच्याबरोबर मागचे पैसेही. सुनावणीपर्यंत गेलात तर तुमची बाजू मांडणारा वकील किंवा प्रतिनिधी घ्या. त्याची फी साधारणपणे मागच्या थकलेल्या रकमेच्या २५ टक्के असते, तिला २०२५ साली ९,२०० डॉलरची कमाल मर्यादा होती, आणि ती हरल्यास लागत नाही. आगाऊ फी मागणाऱ्यापासून लांब राहा.

अर्ज चालू असतानाच डायलिसिस सुरू झालं तर त्याच आठवड्यात तुमची फाइल तपासणाऱ्या एक्झामिनरला फोन करा. त्यांना आपोआप कळत नाही. डायलिसिस केंद्र सीएमएस-२७२८ नावाचा फॉर्म भरतं, त्याची प्रत मागून घ्या आणि पाठवा. महिनोन् महिने रखडलेली फाइल या एका कागदावर हललेली मी अनेकदा पाहिली आहे. डायलिसिसच्या आधीच काम सुटलं असेल तर काम सुटल्याची तारीखच धरावी असा आग्रह ठेवा, डायलिसिसची नव्हे. तिथे तुमचे आधी जमवलेले कागद कामी येतात.

तो २७२८ फॉर्म मुळात मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यासाठी असतो, आणि इथे फार गोंधळ होतो. किडनी पूर्ण निकामी झालेल्यांना वयाची अट न लावता मेडिकेअर द्यायचा कायदा १९७२ साली झाला, १९७३च्या जुलैपासून तो लागू आहे. डिसॅबिलिटीचे पैसे आणि हे मेडिकेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मंजूर झालं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही. डिसॅबिलिटीवर मिळणाऱ्या मेडिकेअरला चोवीस महिने थांबावं लागतं. किडनीवरचं मेडिकेअर केंद्रातल्या डायलिसिसच्या चौथ्या महिन्यापासून लागतं, आणि घरी डायलिसिस शिकायला पहिल्या तीन महिन्यांत सुरुवात केली तर पहिल्या महिन्यापासूनच. कंपनीचा विमा असेल तर पहिले तीस महिने तो आधी पैसे भरतो आणि मेडिकेअर नंतर. राजीनाम्याची घाई करू नका म्हटलं, त्यामागे हे तीन-चार महिनेही आहेत. त्या काळात विमा नसला तर येणारी बिलं घर मोडतात.

घरात अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या नावानेही यजमानांच्या खात्यावर दरमहा पैसे मिळू शकतात, आणि मूल सोळाच्या आत असेल तर तुम्हालाही. हे अर्जाच्या वेळी तुम्हीच विचारा.

ग्रीन कार्डाची भीती काढून टाका. एसएसडीआय हा कमावलेला हक्क आहे. नागरिकत्वाच्या अर्जात सरकारी मदतीवर अवलंबून असण्याची चाचणी लावत नाहीत. एसएसआयबद्दल काही विचार झालाच तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. यांतलं काहीही मंजूर झाल्यावर भारतवारीचे नियम मात्र सांभाळा. एसएसआय सलग तीस दिवस देशाबाहेर राहिल्यास थांबतं. नागरिक नसलेल्यांचं एसएसडीआय सलग सहा महिने बाहेर राहिल्यास थांबू शकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण दोन-तीन वर्षांत ती समोर येईल. प्रत्यारोपणानंतर एक वर्ष अपंगत्व धरूनच चालतात. त्यानंतर फाइल पुन्हा उघडतात आणि नव्या किडनीचं काम, संसर्ग, औषधांचे परिणाम, नसांचं दुखणं हे सगळं बघून ठरवतात. पैसे बंद होतील या भीतीने प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायला टाळाटाळ करणारी कुटुंबं मला भेटली आहेत. तसं कृपा करून करू नका. कामावर परत जायला नऊ महिन्यांचा चाचणीचा काळ देतात, त्यात कितीही कमावलं तरी पैसे चालू राहतात. प्रत्यारोपणानंतर तीन वर्षांनी किडनीवरचं मेडिकेअर संपतं, पण दुसरा विमा नसलेल्यांसाठी किडनी टिकवणाऱ्या औषधांचा वेगळा विमा २०२३पासून सुरू झाला आहे. यजमानांना अर्जाबरोबरच प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठीही डॉक्टरांना विचारायला सांगा. ईजीएफआर २० किंवा खाली असेल तर डायलिसिसच्या आधीही प्रतीक्षायादीतला वेळ मोजायला सुरुवात होते. यजमान आत्ता १७वर आहेत, म्हणजे ती विचारायची वेळ आलेलीच आहे.

येत्या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा. कमाईचा उतारा आणि आधीच्या रक्ततपासणीची तारीख आजच लिहून ठेवा, म्हणजे पुढची ९० दिवसांनंतरची घेता येईल. तिथे यजमान 'ठीक आहे' म्हणाले, की रात्रीच्या तळव्यांचं तुम्ही सांगा.